राखलेल्या वाटा

भूमध्य समुद्राच्या उत्तर काठावरच्या देशांत, म्हणजे स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटली आणि पलीकडे क्रोएशियापर्यंत, दिवसभर सायकल चालवावी आणि मोटारीशी क्वचितच गाठ पडावी असे कच्चे रस्ते हजारो किलोमीटर पसरलेले आहेत. कुठे चुनखडीची पांढरी खडी, कुठे राखाडी चिकणमाती, कुठे रूळ उखडल्यावर उरलेला दाबून बसवलेला मुरूम. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अशा रस्त्यांसाठी ग्रॅव्हल बाइक नावाचा सायकलीचा वेगळा प्रकारच रूढ झाला. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते, पण टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि गिअर चढाला पुरतील इतके हलके असतात. डांबरावर ती रेंगाळत नाही आणि खडीवर बिथरत नाही. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या शेतरस्त्यांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींनी तिला नाव मिळवून दिले. भूमध्य टेकड्यांत मात्र तिला शतकानुशतके वापरात असलेली वाटांची जाळी आयती मिळाली. त्या वाटा शांत आहेत म्हणून लोक तिथे जातात. ही शांतता आली कुठून आणि ती टिकली कशी, हा या प्रस्तावनेचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की तिच्यात निसर्गाचा वाटा थोडा आहे. या वाटा माणसांच्या कष्टाने पडल्या, कायद्याने आणि वहिवाटीने त्यांचे रक्षण केले, आणि जिथे ते रक्षण सुटले तिथे त्या नांगराखाली, काटेरी झुडपांखाली किंवा डांबराखाली गेल्या. जिला आपण वाहनमुक्त वाट म्हणतो ती कोणीतरी राखलेली वाट असते.

सुरुवात तोस्कानापासून करू, कारण ग्रॅव्हल म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तिथलेच चित्र येते: सिएनाच्या आसपासच्या टेकड्या, सुरूच्या रांगा आणि त्यांतून वळत जाणारे, स्त्रादे बियांके या नावाने ओळखले जाणारे पांढरे रस्ते. हे चित्र इतके परिचित झाले आहे की त्यामागची जमीनधारणा कोणाला आठवत नाही. या भागात शतकानुशतके मेत्साद्रिया पद्धतीने शेती होत असे. जमीन मालकाची, राबणारे कुटुंब वाट्याचे, पीक अर्धे-अर्धे. आपल्याकडे अर्धेलीने शेत कसणे म्हणतात, तसाच हा व्यवहार. पण तिथे कुळाचे कुटुंब गावात राहत नसे. त्याला कसायला दिलेल्या प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्र दगडी घर असे, आणि प्रत्येक घरापासून मालकाच्या कोठारापर्यंत, गिरणीपर्यंत, चर्चपर्यंत बैलगाडी जाईल असा रस्ता लागे. टेकडीमाथ्यावरून धावणारे आणि प्रत्येक घराशी थांबणारे ते दाट जाळे अशा रीतीने विणले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही कुटुंबे मोठ्या संख्येने कारखान्यांच्या शहरांकडे निघून गेली. १९६४ च्या कायद्याने मेत्साद्रियाचे नवे करार करण्यास बंदी घातली. घरे रिकामी झाली, रस्ते मात्र राहिले. २००४ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या व्हाल दोर्चा या खोऱ्यात जे सौंदर्य आपण पाहतो, त्याच्या मांडणीत या राबणुकीचा आणि त्यातल्या विषमतेचा मोठा हात आहे. ते सौंदर्य पाहताना हे विसरणे मला अन्यायाचे वाटते.

रिकामा रस्ता आपोआप टिकत नाही. एक तर तो बुजतो, नाहीतर सुधारला जातो. विसाव्या शतकाच्या शेवटी तोस्कानातले पांढरे रस्ते एकामागून एक डांबरी होऊ लागले, तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ साली कियान्तीतल्या गायोले या छोट्या गावातून लेरोइका नावाची सायकलफेरी काढली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. नियम असा की सायकल १९८७ पूर्वीच्या बनावटीची हवी. पण जुन्या सायकलींच्या हौसेआड खरा हेतू हे रस्ते वाचवण्याचा होता. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, याच कल्पनेतून व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत सुरू झाली. आज स्त्रादे बियांके याच नावाने ओळखली जाणारी ही शर्यत सिएनाच्या पियात्सा देल काम्पोमध्ये संपते आणि २०१५ पासून स्त्रियांचीही होते. लेरोइकाचा सुमारे २०९ किलोमीटरचा मार्ग आता पाट्या लावून वर्षभर खुला ठेवलेला आहे. कोणत्याही सरकारी आदेशापेक्षा या वापराने तिथल्या नगरपालिकांना हे पटवले की खडीचा रस्ता ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. तोस्कानातले बहुतेक पांढरे रस्ते मोटारींना बंद नाहीत, हेही इथेच सांगायला हवे. तिथल्या रहिवाशाची गाडी जाते, द्राक्षमळ्याचा ट्रॅक्टर जातो. जात नाही ती लांबून येणारी, घाईत असलेली गाडी, कारण खडीवर तिला वेग मिळत नाही आणि शेजारच्या खोऱ्यात डांबरी रस्ता आहे. खडी स्वतःच तिथली राखणदार आहे. एकदा डांबर पडले की वाट घराला जोडण्याऐवजी दोन शहरांना जोडू लागते, आणि मग कोणत्याही पाटीने तिची शांतता परत येत नाही.

स्पेनमध्ये राखणीची रीत वेगळी आणि बरीच जुनी आहे. उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या कुरणांत मेंढरे नेण्याच्या प्रथेला तिथे राजाश्रय होता; अल्फोन्सो दहाव्याने १२७३ मध्ये मेंढपाळांच्या मेस्ता या संघटनेला सनद दिली, आणि पुढे मेरिनो लोकरीच्या व्यापाराने तिचे बळ इतके वाढले की शेतकऱ्यांशी तिचे तंटे शतकानुशतके चालले. कळपांसाठी राखलेल्या रस्त्यांची रुंदी ठरलेली होती. सर्वांत मोठ्या कन्यादाची ९० बारा (लांबीचे जुने स्पॅनिश माप), म्हणजे सुमारे ७५ मीटर. कोर्देलची त्याच्या निम्मी. वेरेदाची वीस मीटरच्या आसपास. मेस्ता १८३६ मध्ये बरखास्त झाली, आगगाडी आली, कळप कमी झाले, आणि साहजिकच काठच्या शेतांनी या पट्ट्यांवर अतिक्रमण केले. तरीही आज देशभरात अशा वाटांचे जाळे सुमारे सव्वा लाख किलोमीटरचे मानले जाते. ते वाचण्यामागे १९९५ चा कायदा आहे. या वाटा सार्वजनिक मालकीच्या आहेत, त्या विकता येत नाहीत, कितीही वर्षे कब्जा केला तरी कब्जेदाराच्या होत नाहीत आणि कर्जापोटी जप्त होत नाहीत, असे तो स्पष्ट सांगतो. पायी चालणे, घोड्यावरून जाणे आणि मोटारीशिवायचा इतर क्रीडाप्रवास यांना तो परवानगी देतो. कळपाचे प्राधान्य मात्र कायम ठेवतो. सायकलस्वाराला तिथे जो हक्क आहे तो मेंढीच्या हक्कातून आलेला आहे.

कायदा कागदावर पडून राहिला असता. त्याच सुमारास, १९९३ साली, निसर्ग-संवर्धक हेसूस गार्सोन यांनी मेंढरांचा मोठा कळप घेऊन जुन्या मार्गाने पुन्हा स्थलांतर घडवून आणले, आणि १९९४ पासून दर वर्षी माद्रिदच्या मध्यवस्तीतून मेंढरे नेली जातात, कारण तिथल्या मोठ्या रस्त्यांखालूनही जुनी कळपवाट जाते. वरवर तो उत्सव दिसतो. खरे तर ती वहिवाट जिवंत ठेवण्याची कृती आहे. हक्क वापरला नाही तर तो नकाशातून पुसला जातो, हे मेंढपाळांना वकिलांच्या आधी कळले होते. याचा उलटा पुरावा दक्षिण इटलीत आहे. तिथे आरागोनच्या अल्फोन्सोने १४४७ मध्ये कळपांवरच्या कराचे ठाणे नेमले होते, आणि अब्रुत्सोच्या डोंगरांतून आपुलियाच्या मैदानात उतरणारे त्रातुरी नावाचे मार्ग १११ मीटर रुंद ठेवले होते. लाक्विला ते फोज्जा हा त्यांतला सर्वांत लांब, २४४ किलोमीटरचा. डोंगराळ मोलिसेमध्ये त्यांना १९७० च्या दशकात संरक्षण मिळाले आणि तिथे आजही गवताचे रुंद पट्टे दिसतात; सखल, सुपीक मैदानात मात्र मोठमोठे तुकडे नांगराखाली आणि बांधकामाखाली गेले. जमीन जितकी मोलाची, तितकी वाट आधी नाहीशी होते. रमणीय डोंगरांत वाटा टिकल्या याचे एक कारण असे की त्या जमिनीला फारसे कोणी विचारत नव्हते, आणि ज्यांना या वाटांचे कौतुक आहे त्यांनी हे ओळखून असावे.

तिसरी वाट रेल्वेची, आणि माझ्या मते नवख्या सायकलस्वाराने सुरुवात इथूनच करावी. स्पेनमध्ये १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांना बियास वेर्देस, म्हणजे चालणाऱ्यांचे आणि सायकलींचे मार्ग, म्हणून पुन्हा वापरात आणण्याचा कार्यक्रम चालू आहे आणि त्याची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली आहे. अंदालुसियातला पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा हा ३६ किलोमीटरचा मार्ग यांतला बहुधा सर्वांत विलक्षण. त्यावर तीस बोगदे आणि चार उंच पूल आहेत, पण त्यावरून एकही गाडी कधी धावली नाही. १९२० च्या दशकात हेरेसपासून अल्मार्गेनपर्यंत रेल्वे नेण्यासाठी खोदकाम झाले, मग राजवटी बदलल्या, पैसा संपला, यादवी युद्ध आले, आणि रूळ पडायचे राहिलेच. वाटेत साफ्रामागोनच्या कड्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे. हाएन ते पुएन्ते हेनिल हा १२८ किलोमीटरचा मार्ग ऑलिव्ह तेलाच्या वाहतुकीसाठी बांधलेल्या लोहमार्गाचा. ज्या एकट्या हाएन प्रांतात सहा कोटींहून अधिक ऑलिव्हची झाडे आहेत तिथे तेलाला स्वतःची रेल्वे मिळावी यात नवल नाही. कातालोनियातली ओलोत–जिरोना आणि जिरोना–सान्त फेलियू ही अरुंद मार्गाची जोडी १९६९ मध्ये बंद झाली. आज विझलेल्या ज्वालामुखींच्या टेकड्यांपासून समुद्रापर्यंत त्याच मार्गाने सायकलीवर उतरता येते. इस्त्रियात पारेन्झाना रेल्वे १९०२ ते १९३५ एवढीच चालली, त्रिएस्ते ते पोरेच १२३ किलोमीटर. तिची वाट आता इटली, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया अशा तीन देशांतून जाते आणि मोतोव्हूनजवळच्या द्राक्षमळ्यांतून तिचा कच्चा भाग बोगदे-पूल ओलांडत जातो. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून हे मार्ग डोंगराला वळसे घालत हळूहळू चढतात. तीन टक्क्यांच्या वरचा चढ त्यांवर सहसा नसतोच. इंजिनाच्या त्या मर्यादेचा लाभ आज सात वर्षांच्या मुलाला, सत्तरीच्या आजीला आणि हाताने फिरवायच्या तीनचाकीवर बसलेल्या माणसाला मिळतो.

चौथा प्रकार वनरस्त्यांचा. लाकूड, बूच आणि कोळशासाठी आखलेल्या या वाटा आता मुख्यतः आग विझवणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. स्पेनच्या वनकायद्यात २००६ मध्ये घातलेल्या कलमाने सार्वजनिक रस्त्यांच्या जाळ्याबाहेरच्या वनरस्त्यांवर मोटारी फक्त वहिवाटीचा हक्क असलेल्यांच्या, शेती-वन-पशुपालनाच्या कामाच्या, आणि देखरेख व अग्निशमनाच्या असाव्यात असे ठरवले. साखळी लावलेले फाटक म्हणजे या कायद्याचे दृश्य रूप. बाजूने सायकल जाते, मोटार थांबते. फ्रान्सच्या दक्षिणेतही आगीच्या बंदोबस्तासाठी आखलेले रस्ते असेच आहेत. गुरे गेल्यामुळे आणि बांध-पायऱ्यांची शेती सुटल्यामुळे या डोंगरांत झुडूप माजले आहे, आणि उन्हाळ्यातल्या वणव्यांना ते इंधन पुरवते. अशा वेळी उघडी, वावर असलेली वाट म्हणजे अग्निरोधक पट्टाच.

वाटा कच्च्या राखाव्यात या म्हणण्यावर पहिला आक्षेप गावकऱ्याचा आहे आणि तो गंभीर आहे. धूळ त्याच्या घरात जाते, पावसात त्याची गाडी रुतते, रुग्णवाहिका उशिरा पोहोचते. परदेशी पाहुण्याला खडी आवडते म्हणून त्याने डांबर का नाकारावे? उत्तर असे की नाकारू नये. गावापर्यंतचा, शाळेपर्यंतचा, दवाखान्यापर्यंतचा रस्ता पक्काच असला पाहिजे, आणि लेरोइकाच्या भागातही तो तसा आहे. वाद आहे तो त्यापलीकडच्या जाळ्याचा, एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जाणाऱ्या वाटांचा. त्यांवर डांबर टाकल्याने तिथे राहणारा माणूस परत येत नाही. मेत्साद्रियाची घरे सोडून कुटुंबे गेली ती खडीमुळे नव्हे, उत्पन्नामुळे आणि अपमानामुळे. उलट धड राखलेला कच्चा रस्ता, म्हणजे मध्ये उंचवटा, कडेला उघडी गटारे, जागोजागी मोऱ्या आणि वर्षातून एकदा ग्रेडर, ही डांबरापेक्षा सहसा स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी व्यवस्था आहे. बहुतेक गावकऱ्यांची खरी तक्रार खडीबद्दल नसते, हयगयीबद्दल असते. त्या तक्रारीच्या बाजूने सायकलस्वारांनी उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरा आक्षेप हा की हा पैसेवाल्यांचा छंद आहे: लाखांची सायकल, विमानाने प्रवास, आणि मग साधेपणाचे कौतुक. यात तथ्य आहे, आणि विमानाचा धूर कोणत्याही युक्तिवादाने पुसता येत नाही. पण वाटेचे मोल तिच्यावर येणाऱ्या सर्वांत श्रीमंत माणसावरून ठरवणे बरोबर नाही. बियास वेर्देसवर सर्वाधिक वावर जवळच्या गावांतल्या लोकांचा असतो, तोही तिकिटाशिवाय, कोणत्याही चाकाने किंवा पायांनी. ओल्वेराच्या जुन्या स्थानकात खाणावळ आणि मुक्काम आहे, कारण संध्याकाळी तिथे माणसे येतात. तिसरा आक्षेप गर्दीचा, आणि तिथे माझ्याकडे सांत्वन नाही. जिरोना हे सायकलपटूंचे शहर म्हणून जगभर नावारूपाला आल्यापासून तिथल्या वाटांवरची वर्दळ वाढली आहे. बार्सिलोनाच्या डोक्यावर, कोल्सेरोला उद्यानाच्या उतारावर पाण्याच्या नळाच्या बाजूने गेलेली काररेतेरा दे लेस आइग्वेस ही वाट रविवारी चालणारे, धावणारे आणि सायकलस्वार यांच्यासाठी अपुरी पडते, म्हणून त्या उद्यानात सायकलींना रुंद वाटाच मोकळ्या आहेत आणि वेगालाही मर्यादा आहे. हे निर्बंध योग्य आहेत. वाट वापराने जगते तशी अतिवापराने मरतेही. प्रसिद्ध दहा मार्गांवर सगळ्यांनी लोटण्यापेक्षा सव्वा लाख किलोमीटरचे जाळे पाहावे, हाच त्यावरचा मार्ग मला दिसतो.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट हे आपल्या गावनकाशात आहेत. अडवलेल्या वहिवाटीसाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ पासून आहे, आणि जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४३ शेजाऱ्याच्या बांधावरून वाट मागण्याचा हक्क देते. पावसाळा संपल्यावर धनगरांचे कळप अजूनही देश आणि कोकण यांच्यामध्ये फिरतात. या वाटा खुल्या करण्याच्या सरकारी योजनांत मजबुतीकरणाचा भर शेतमालाच्या ट्रॅक्टरवर असतो, आणि तो तसाच असायला हवा. पण आपण वाटेचा विचार फक्त दोन शेतकऱ्यांतला तंटा म्हणून करतो. स्पेनने त्याच वाटेला सार्वजनिक मालमत्ता म्हणून कायमचे अभय दिले. तुलना एवढीच. आपल्या पाणंदींवर पर्यटकांनी सायकली घेऊन यावे अशी माझी सूचना नाही.

या पुस्तकातल्या मार्गांकडे म्हणूनच आधी कामाच्या जागा म्हणून पाहावे लागते. प्रोव्हान्समध्ये उन्हाळ्यात कोणता डोंगर उघडा आणि कोणता बंद हे प्रशासन रोज ठरवते, आणि बंद म्हटले की बंद. सिएनाच्या दक्षिणेची क्रेते सेनेसीची चिकणमाती पावसानंतर चाकात अशी भरते की सायकल उचलून चालावे लागते. २०१० च्या जिरो द इतालिया या सायकलशर्यतीने मोंतालचीनोच्या टप्प्यात त्या चिखलाचा इंगा जगाला दाखवला. ओल्या मातीत उमटलेले चाकाचे चर सुकल्यावर दगडासारखे कडक होतात आणि शेतकऱ्याला महिनाभर छळतात, म्हणून पावसानंतर एक-दोन दिवस थांबणे हा शिष्टाचार आहे. शरद ऋतूत रानडुकरांच्या शिकारीचे फलक दिसले की परतावे. कळपाबरोबरचे राखणीचे कुत्रे, स्पेनमध्ये मास्तीन, फ्रान्समध्ये पातू, इटलीत मारेम्मानो, हे पाळीव दिसत असले तरी कामावर असतात. उतरून सायकल आपल्या आणि त्यांच्यामध्ये धरून सावकाश पुढे जावे, आणि कळपाला वाट द्यावी. याच कारणाने पुढच्या प्रत्येक प्रकरणात आधी वाट मुळात कशासाठी पडली, आज तिची मालकी आणि देखभाल कोणाकडे आहे आणि कोणत्या महिन्यांत तिच्यावर कोणाचे काम चालते, हे दिले आहे. अंतर आणि चढाचे आकडे त्यानंतर येतात.